पारण्याचं सफरचंद : उपवास-पदभ्रमण शिबिरांच्या नियमांमागचा इतिहास

जर्मनीत आठवडाभर उपवास करत रानावनांतून चालणारे गट असतात. त्यांचं पारणं ठरलेलं आहे. प्रत्येकाच्या ताटलीत एक पिकलेलं सफरचंद येतं. ते हळूहळू, अगदी बारीक चावून खायचं आणि पोट भरल्यासारखं वाटलं की उरलेलं तसंच ठेवायचं. संध्याकाळी बटाट्याचं पातळ सूप. पुढचे दोन-तीन दिवस हलकं जेवण, आणि हे दिवसही उपवासाचाच भाग मानले जातात.

आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात. एका दिवसाच्या उपवासात ते खपून जातं, लांबलेल्या उपवासानंतर मात्र जिवावर बेतू शकतं. कित्येक दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम पिठूळ-गोड पदार्थ गेले की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. मग हृदयाची लय बिघडते, श्वास अडखळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं. पाचहून अधिक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न देऊ नये, असं ब्रिटनची 2006 सालची वैद्यकीय मार्गदर्शिका सांगते.

या शिबिरांचं मूळ ओटो बुखिंगर (1878-1966) यांच्याकडे जातं. ते जर्मन नौदलात डॉक्टर होते. संधिवाताने जायबंदी होऊन 1918 मध्ये त्यांना नौदल सोडावं लागलं. 1919 साली फ्रायबुर्गला डॉ. गुस्टाव रीडलिन यांच्या देखरेखीखाली त्यांनी दीर्घ उपवास केला, सांधे पुन्हा चालू लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचं उपचारगृह काढलं. त्यांचा उपवास निर्जळी नव्हता. भाज्यांचं गाळलेलं सार, फळांचा रस, थोडा मध, मिळून दिवसाला साधारण 250 कॅलरी. जोडीला विश्रांती, फिरणं आणि डॉक्टरांची तपासणी. जर्मन निसर्गोपचाराच्या याच परंपरेतल्या लुई कुने आणि अडॉल्फ युस्ट यांची पुस्तकं गांधीजींनी वाचली होती. 1946 साली पुण्याजवळ उरुळी कांचनला सुरू झालेल्या निसर्गोपचार आश्रमामागे तीही प्रेरणा होती.

1954 मध्ये स्वीडनमध्ये 11 जण 10 दिवस उपाशी राहून गोथेनबर्गहून स्टॉकहोमपर्यंत सुमारे 500 किलोमीटर चालले. धडधाकट माणूस उपाशीपोटी चालू शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. ही माणसं मुळातच काटक होती, हे मात्र सहज विसरलं जातं. पुढे 1980च्या दशकात जर्मनीत ख्रिस्तोफ मिश्ल यांनी बुखिंगर पद्धतीच्या उपवासाला रोजच्या पदभ्रमणाची जोड दिली आणि ही शिबिरं रुजली.

सगळ्या नियमांची गरज इथेच निर्माण झाली, असं मला वाटतं. उपवास दवाखान्यातून डोंगरावर गेला आणि डॉक्टर खालीच राहिले. म्हणून जर्मन उपवासतज्ज्ञ डॉ. हेल्मुट ल्युट्झनर यांनी रेघ आखून दिली : निरोग्यांनी प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबर उपवास करावा, आजाऱ्यांनी फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उपवासोपचार करणाऱ्या जर्मन डॉक्टरांची संघटना 1986 साली उभी राहिली. 2002 मध्ये तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि 2013 मध्ये ती सुधारली गेली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, खाण्याच्या विकारांनी ग्रासलेले किंवा फार कृश झालेले लोक, यकृत-मूत्रपिंडाचे गंभीर आजार असलेले, या सगळ्यांना त्यांत उपवासाला स्पष्ट मनाई आहे.

नैतिक नियमांचा इतिहास जास्त वेदनादायक आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ओलाला इथे लिंडा हॅझर्ड उपवासगृह चालवत. वैद्यकीय पदवी नसताना त्यांना उपचाराचा परवाना मिळाला होता. 1911 साली दोन श्रीमंत इंग्रज बहिणी त्यांच्याकडे आल्या. पातळ सारावर ठेवलेली एक बहीण अक्षरशः हाडांचा सापळा होऊन मरण पावली. तोवर बहिणींचे दागिने आणि मालमत्तेचे कागद हॅझर्ड यांच्या ताब्यात गेले होते. दुसरीला लहानपणच्या दाईने येऊन वाचवलं. 1912 मध्ये हॅझर्ड दोषी ठरल्या. मार्गदर्शकाचा उपवास करणाऱ्याच्या पैशाअडक्याशी ठरलेल्या शुल्कापलीकडे संबंध नको, आणि घरच्यांशी संपर्क तुटता कामा नये, हे यातून उघड दिसतं.

2009 मध्ये ॲरिझोनातल्या सेडोनाजवळ आत्मविकासाचे वर्ग घेणाऱ्या जेम्स आर्थर रे यांच्या शिबिरात लोकांना आधी वाळवंटात अन्नपाण्याविना 36 तास एकटं ठेवलं, मग तापवलेल्या बंद तंबूत बसवलं. तिघांचा जीव गेला. बाहेर पडू पाहणाऱ्यांना आतच टिकून राहायला सांगितलं जात होतं, असं खटल्यात साक्षीदार म्हणाले. 2016 साली इंग्लंडमधल्या विल्टशरला एका शिबिरात इन्सुलिन थांबवून उपवास करणारी 71 वर्षांची मधुमेही स्त्री दगावली. 2024 मध्ये शिबिरचालकाला दहा वर्षांची शिक्षा झाली.

सह्याद्रीत असं शिबिर कुणी भरवत असेल तर नाव नोंदवण्याआधी मी तीन गोष्टी विचारीन. माझी औषधं कोणत्या डॉक्टरांनी पाहिली? तिसऱ्या दिवशी चक्कर आली तर मला खाली आणणारी गाडी कुठवर पोहोचते? आणि पारण्याचे दिवस वेळापत्रकात धरलेत, की शेवटच्या दिवशी गडावरून उतरलं की थेट पिठलं-भाकरीची पंगत?