बंदुकीला पक्ष कधी चिकटला?

अमेरिकेतला बंदूकवाला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहतो: गोरा, गावाकडचा, पिकअप ट्रक चालवणारा आणि मत डोळे झाकून रिपब्लिकनांना देणारा. हे चित्र अगदीच खोटं नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत रिपब्लिकन आणि त्या बाजूला झुकलेल्यांपैकी ४५ टक्के लोकांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं. डेमोक्रॅट बाजूला हेच प्रमाण २० टक्के होतं. पण पाचातला एक म्हणजे काही कमी नव्हे. शिवाय बंदूक आणि पक्ष यांचं हे लग्न लागून जेमतेम पन्नास वर्षं होताहेत.

त्याआधीची एक दुपार बघा. २ मे १९६७, कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. तिथल्या विधानभवनात तीसेक कृष्णवर्णीय तरुण-तरुणी शिरले, त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात रायफली आणि शॉटगन. हे ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचे कार्यकर्ते. (याच नावावरून पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली.) ओकलंडमध्ये पोलिसांच्या गाड्यांमागे आपली गाडी लावायची, पोलिसांनी कुणाला अडवलं की जरा अंतरावर बंदूक घेऊन उभं राहायचं आणि त्या माणसाला त्याचे हक्क ऐकवायचे, हा त्यांचा शिरस्ता. भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला तेव्हा तिथे मुभा होती, त्यामुळे पोलिसांना नुसतं चरफडत बसावं लागे. म्हणून डॉन मल्फर्ड या रिपब्लिकन आमदाराने ती मुभाच काढून घेणारं विधेयक आणलं. पँथर आले होते ते त्याच्याच निषेधासाठी. त्यांचे नेते बॉबी सील यांनी निवेदन वाचून दाखवलं. बाहेर हिरवळीवर गव्हर्नर शाळकरी मुलांना भेटत होते. सामान्य नागरिकाने भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायचं काही कारण आपल्याला दिसत नाही, असं ते त्या दिवशी म्हणाले आणि जुलैमध्ये त्यांनी कायद्यावर सही केली. गव्हर्नरांचं नाव रोनाल्ड रेगन.

बंदूक कोणाच्या हातात आहे ते बघून कायदा करायची ही रीत त्याहून जुनी. यादवी युद्ध संपताच १८६५ मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली. १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला.

मग आज बंदुकीचा झेंडा मिरवणारी नॅशनल रायफल असोसिएशन तेव्हा काय करत होती? १८७१ मध्ये ही संघटना निघाली ती सैनिकांचा नेम फार कच्चा म्हणून. यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या अधिकाऱ्यांनी ती काढली. पुढची शंभरेक वर्षं तिचं मुख्य काम नेमबाजी आणि शिकार हेच. १९३४ मध्ये तर तिचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं, की सरसकट शस्त्र घेऊन फिरणं आपल्याला मान्य नाही, त्यावर कडक निर्बंध हवेत. आज कुणी असं बोललं तर त्याला संघटनेच्या दारातही उभं करणार नाहीत.

केनेडी बंधू आणि किंग यांच्या हत्यांनंतर बंदुकांवर निर्बंध घालणारा १९६८ चा केंद्रीय कायदा आला आणि वारं फिरायला लागलं. राजकारण बाजूला ठेवून निसर्ग-शिकारीकडे वळावं, मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोराडोला हलवावं, असा संघटनेच्या पुढाऱ्यांचा बेत होता. मे १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत चिडलेल्या सभासदांनी तो उधळला. सभा पहाटेपर्यंत चालली. उजाडेपर्यंत जुने पदाधिकारी घरी गेलेले आणि बंदुकीवर कुठलेही निर्बंध नकोत म्हणणाऱ्या हार्लन कार्टर यांच्या हाती सूत्रं आलेली. तीन वर्षांनी संघटनेने आपल्या इतिहासात पहिल्यांदाच देशाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा दिला. उमेदवार कोण? मल्फर्ड कायद्यावर सही करणारे तेच रेगन.

तिथून ठसा पक्का होत गेला. १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या काळात असॉल्ट वेपन्सवर, म्हणजे लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली, त्याच वर्षी डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृह गमावलं आणि बंदूकवाले आपले नव्हेत, हे दोन्हीकडच्यांनी मनाशी धरलं. त्यामुळे सप्टेंबर २०२४ च्या वादसभेत डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांनी आपल्याकडे बंदूक आहे असं सांगितलं, तेव्हा कित्येकांच्या भुवया उंचावल्या. हॅरिस यांचा जन्म १९६४ चा, ओकलंडचा. पँथर तिथे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवत होते, तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या.