एकच नाव, दोन गेम : नव्या आवृत्तीवरच्या वादाची पार्श्वभूमी

गणपती गेले, घट बसले की फुटबॉल गेमची नवी आवृत्ती येते आणि आठवडाभरात मुंबईत दोन टोकांची मतं ऐकू येतात. गेमिंग कॅफेतल्या पीएस ४ वर, म्हणजे जुन्या प्लेस्टेशन कन्सोलवर खेळणारा म्हणतो, "काही नवीन नाही रे, नुसतं स्क्वॉड अपडेट आहे, संघ तेवढे नवे." घरी त्यानंतरचा पीएस ५ असलेला म्हणतो, "हाताची सगळी सवय मोडावी लागतेय, गेमच बदललाय." मग दोघं एकमेकांना खोटं ठरवत बसतात. २६ सप्टेंबर २०२५ ला ईए कंपनीच्या जुन्या फिफा मालिकेची नवी आवृत्ती, एफसी २६, आली तेव्हाही हेच ऐकलं. माझ्या मते दोघंही खरं बोलत असतात. जवळजवळ वीस वर्षं एकाच नावाखाली वेगवेगळे गेम विकले जाताहेत, आणि आपल्याकडच्या मतांचा गुंता तिथून सुरू होतो.

फिफा मालिकेचा पहिला गेम डिसेंबर १९९३ चा. तो मुंबईत फार थोड्यांनी पाहिला. इथल्या पोरांना फुटबॉल गेमचं वेड लावलं ते २००१ नंतर पीएस २ ने, आणि त्यातही पेसने, म्हणजे कोनामी कंपनीच्या 'प्रो इव्होल्यूशन सॉकर'ने. पेसकडे क्लबांच्या नावांचे हक्क नव्हते, त्यामुळे लिव्हरपूलच्या जागी 'मर्सीसाइड रेड' आणि चेल्सीच्या जागी 'लंडन एफसी' असायचं. तरी पास आणि शॉटमधला जिवंतपणा असा होता की नावांचं कुणाला काही वाटायचं नाही. ज्यांना वाटायचं ते लॅमिंग्टन रोडवरून पॅच टाकलेली सीडी आणायचे. तिच्यात नावं, जर्सी सगळं खरं असायचं. 'पेस खेळायला चांगला, फिफा दिसायला चांगला' हे वाक्य तेव्हाचं. आज चाळिशीकडे झुकलेले खेळाडू नव्या आवृत्तीला नाकं मुरडतात, तेव्हा मनातल्या मनात ते तिची तुलना २००६ च्या पेस ६ शी करत असतात.

त्यानंतरचा काळ पीसीचा. घरी कन्सोल परवडणारे थोडे होते आणि कॅफे गल्लोगल्ली होते. दादर पश्चिमेला स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर एक कॅफे होता, तिथे मी कॉलेजची तीन वर्षं काढली. रिमोट दोनच, त्यामुळे बाकीचे कीबोर्डवर खेळायचे. प्रत्येक कीबोर्डवर एस, डी, ए, डब्ल्यू आणि ई ही पाच अक्षरं पुसून गेलेली. एस म्हणजे पास, डी म्हणजे शॉट, ए म्हणजे क्रॉस, डब्ल्यू म्हणजे थ्रू बॉल, ई दाबून पळायचं. बाणांच्या बटणांपैकी उजवं बटण दाबलं की वर यायला वेळ लावायचं. नियम एकच, हरेल तो उठेल. या कीबोर्डवर वाढलेली पिढीच पुढे 'गेम बदलला की नाही' या वादात एका बाजूला उभी राहिली.

कारण पीसीला मिळणारा गेम तीनदा मागच्या पिढीचा होता.

पहिल्यांदा हे झालं २००६ ते २०१० या काळात. एक्सबॉक्स ३६० आणि पीएस ३ वर फिफा नव्या इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर गेला, पीसीवर मात्र जुनंच चालू राहिलं. फिफा १० ची परदेशात भरभरून स्तुती झाली. ती वाचून कॅफेत बसलेल्यांना समोर वेगळाच गेम दिसत होता. पीसीला नवं इंजिन मिळालं २०१० च्या फिफा ११ मध्ये. दुसऱ्यांदा २०१३ मध्ये. फिफा १४ पीएस ४ आणि एक्सबॉक्स वनवर इग्नाइट या नव्या इंजिनसह आला, पीसीला त्यासाठी पुढच्या वर्षीच्या फिफा १५ ची वाट पाहावी लागली. तिसऱ्यांदा फिफा २१ आणि फिफा २२ या सलग दोन आवृत्त्यांत. पीएस ५ आणि नव्या एक्सबॉक्सवर एक गेम, पीसीवर पीएस ४ चा. ही दरी २०२२ च्या फिफा २३ मध्ये भरून निघाली.

कंपनीचं कारण २०१३ ला जे होतं, साधारण तेच २०२० मध्ये होतं : हा गेम पीसीवर खेळणाऱ्या बहुतेकांची मशीन नव्या इंजिनाला पुरी पडणार नाहीत, आणि त्यांना बाहेर ठेवायचं नाही. हे कारण मी उडवून लावणार नाही. दादरच्या त्या कॅफेत ग्राफिक कार्ड असलेली मशीन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. नवं इंजिन आलं असतं तर अर्धा कॅफे त्या वर्षी बंद पडला असता. मालकांपैकी अनेकांना तो निर्णय मनापासून पटला होता.

माझा आक्षेप नावाला आहे. निन्टेंडो स्विचवर २०१९ ची फिफा २० आली तेव्हा तिच्या नावातच 'लेगसी एडिशन' असं लिहिलेलं होतं. संघ नवे, जर्सी नव्या, बाकी गेम जुना, हे घेणाऱ्याला आधीच कळत होतं. पीएस ३ वरच्या फिफा १८ लाही तीच पाटी होती. पीसीवरच्या फिफा २१ आणि २२ च्या नावापुढे मात्र असं काहीच नव्हतं. जुना गेम देणं समजू शकतं. पण एका मशीनवर 'लेगसी' म्हणायचं आणि दुसऱ्यावर मागच्या पिढीच्या गेमला नुसतं 'फिफा २२' म्हणायचं, याचं समर्थन मला आजवर कुणाकडून पटण्यासारखं मिळालेलं नाही.

मुंबईला हे जास्त लागायचं आणखी एक कारण आहे. मार्च २०२१ मध्ये मुंबई सिटी पहिल्यांदा इंडियन सुपर लीग जिंकली आणि त्याच वर्षीच्या फिफा २२ मध्ये ही लीग पहिल्यांदा गेममध्ये आली. अंधेरीच्या मैदानावर ज्यांना पाहिलं, ते आकाशी जर्सीतले खेळाडू पडद्यावर दिसणार म्हणून पोरं दिवस मोजत होती. ते दिसलेही. पण खऱ्या खेळाडूंच्या हालचाली टिपून गेममध्ये आणणाऱ्या ज्या हायपरमोशनची त्या वर्षी जगभर चर्चा होती, ते पीसीवर नव्हतं. आपला क्लब पहिल्यांदा आला तो जुन्या गेममध्ये आला, ही खंत अजून बोलण्यात येते.

या दरम्यान मतांचं आणखी एक केंद्र तयार झालं : कार्डं. खेळाडूंची कार्डं जमवून आपला संघ बांधायची पद्धत, अल्टिमेट टीम, मार्च २००९ मध्ये फिफा ०९ ला जोड म्हणून आली आणि हळूहळू तिनेच गेम व्यापला. पैसे देऊन पॅक उघडायचं, आत कोण निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये याला जुगार ठरवलं आणि जानेवारी २०१९ अखेर तिथे पॅकसाठीचे पॉइंट पैशांनी विकणं थांबलं. नेदरलँड्समध्ये मात्र दंडाचा निर्णय २०२२ मध्ये वरच्या पातळीवर रद्द झाला. आपल्याकडे हा वाद घरातच राहिला, मोबाइलवर आईला ओटीपी दिसेपर्यंत. एकट्याने क्लब सांभाळत करिअर मोड खेळणाऱ्याचं आणि कार्डं जमवणाऱ्याचं मत एका तराजूत तोलणं चुकीचं आहे. त्यांचा अर्धा गेमच वेगळा असतो.

प्रतिस्पर्ध्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पेसचं नाव बदलून ई-फुटबॉल झालं, ३० सप्टेंबर २०२१ ला तो फुकट आला आणि खेळाडूंचे चेहरे बघून लोक हादरले. कोनामीने माफी मागितली, सुधारणा एप्रिल २०२२ मध्ये आली. मोबाइलवर मात्र तो टिकला. बदलापूर लोकलमध्ये उभ्या उभ्या एक डाव उरकणारे आजही दिसतात. पण पीसी आणि कन्सोलवर खरी स्पर्धा संपली. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाशी ईएचा नवा करार न झाल्याने २०२३ मध्ये फिफाचं एफसी झालं, त्याने खेळात फारसा फरक पडला नाही. समोर पेस उरला नाही, याने पडला.

एफसी २६ मध्ये खेळाडूंच्या तक्रारी ऐकून दोन वेगळ्या पद्धती दिल्या आहेत : ऑनलाइन सामन्यांसाठी वेगवान 'कॉम्पिटिटिव्ह' आणि करिअरसाठी खऱ्या सामन्याच्या जवळ जाणारी 'ऑथेंटिक'. म्हणजे आता एकाच मशीनवर, एकाच डिस्कमध्येही दोन गेम आहेत. 'गेम फार हळू झालाय' आणि 'गेम फार पळतोय' ही दोन्ही मतं मी एकाच संध्याकाळी, एकाच सोफ्यावर बसलेल्या दोन भावांकडून ऐकली.

आमच्या कॅफेच्या मालकाने मात्र दाराजवळच्या पांढऱ्या बोर्डावर निळ्या मार्करने दोन ओळी लिहिल्या आहेत. वर 'एफसी २६ – पीएस ५', खाली 'एफसी २६ – पीएस ४'. दोन्हींचा ताशी दर वेगळा आहे, आणि नवीन पोरगा आला की पैसे घेण्याआधी तो विचारतो, "कुठला हवाय?"