चार चौकोनांच्या आधी

पालकसभेत समुपदेशक बोलायला उभे राहिले की फळ्यावर एक चौकट हमखास येते. एका बाजूला माया, दुसऱ्या बाजूला शिस्त, मधल्या चार खणांत पालकांचे चार प्रकार. समोर बसलेल्यांची मुलं आठवी-नववीतली असतात. ही मांडणी मात्र सुरू झाली बालवाडीतल्या पोरांवरून.

अमेरिकेत पालकांना दोन टोकांचे सल्ले मिळत होते. १९२८ मध्ये वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन सांगत होते, मुलांना मांडीवर घेऊ नका, पापे घेऊ नका. १९४६ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी सूर बदलला: आईबापांनो, स्वतःच्या मनाचं ऐका. या दोघांच्या मधल्या काळात, १९३९ मध्ये, मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांचा आयोवातला प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा-अकरा वर्षांची मुलं, मुखवटे बनवण्याचं काम, आणि नाना तऱ्हेचे म्होरके. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की हात थंडावत. सगळ्यांना विचारून चालणाऱ्याच्या मागे काम बरंचसं चालू राही.

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी हाच प्रश्न बालवाडीतल्या मुलांच्या घरात नेला. त्यांनी पालकांचे तीन प्रकार सांगितले: हुकमी, मोकळे सोडणारे, आणि ठाम राहूनही कारण सांगणारे, ऐकून घेणारे. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराची इंग्रजी नावं (authoritarian आणि authoritative) इतकी सारखी, की भाषांतर करणाऱ्याची आजही पंचाईत होते. चौथा खण, दुर्लक्ष करणाऱ्यांचा, १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅकोबी आणि मार्टिन यांनी जोडला.

किशोरवयीन मुलं मोठ्या संख्येने अभ्यासात आली ती त्यानंतर. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ७,८०० हून अधिक शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ठाम पण ऐकून घेणाऱ्या घरांतल्या मुलांचे गुण सरस होते. आशियाई वंशाच्या मुलांत मात्र हे नातं फिकं पडलं. १९९४ मध्ये संशोधक रूथ चाओ यांनी त्यावर बोट ठेवलं. चिनी भाषेतल्या 'ग्वान' या शब्दात ताबा आणि काळजी दोन्ही येतात, ते 'हुकमी'च्या खणात कसं बसावं? आपल्या 'वळण लावणं'चंही तेच.

आणि २००० मध्ये स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासातून संशोधक स्टाटिन आणि केर यांनी दाखवलं, की मुलगा कुठे जातो, कोणासोबत असतो हे आईबापांना कळतं ते मुख्यतः पाळत ठेवून नव्हे, तर तो आपणहून सांगतो म्हणून. फळ्यावरच्या चौकटीत याला खण नाही.