फेरो- (उपसर्ग)

फेरो- हा लोहाशी संबंध दर्शविणारा, रसायनशास्त्र, धातुविज्ञान व भौतिकी यांतील संज्ञांमध्ये आढळणारा उपसर्ग असून तो लोहवाचक लॅटिन शब्द ‘फेरम’ यावरून आला आहे. लोहाचे रासायनिक चिन्हही याच शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांचे आहे.

रसायनशास्त्रातील जुन्या नामपद्धतीत ‘फेरो’ म्हणजे द्विसंयुजी आणि ‘फेरी’ म्हणजे त्रिसंयुजी लोह. पोटॅशियम फेरोसायनाइड व पोटॅशियम फेरिसायनाइड ही नावे याच भेदावर उभी आहेत. फेरिक, म्हणजे त्रिसंयुजी लोहाच्या, लवणाच्या द्रावणात फेरोसायनाइड घातले की गडद प्रशियन निळा साका मिळतो, तर फेरस, म्हणजे द्विसंयुजी लोहाच्या, लवणासाठी फेरिसायनाइड वापरावे लागते. म्हणून प्रयोगशाळेत या एका स्वराकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आधुनिक पद्धतीत लोहाची ऑक्सिडीकरण अवस्था रोमन अंकाने कंसात दाखवतात, तरी जुनी नावे व्यवहारातून गेलेली नाहीत. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरोसीन या संयुगात दोन पंचकोनी कार्बनी वलयांच्या मधोमध लोहाचा अणू असतो. अशा संयुगांवरील कार्यासाठी एर्न्स्ट ओटो फिशर व जेफ्री विल्किन्सन यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

धातुविज्ञानात फेरोमँगनीज, फेरोसिलिकॉन, फेरोक्रोम या मिश्रधातूंना एकत्रितपणे फेरो-मिश्रधातू म्हणतात. पोलाद तयार करताना त्यातील ऑक्सिजन काढून टाकण्यासाठी किंवा इष्ट मूलद्रव्य त्यात मिसळण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. फेरोमँगनीजमध्ये लोहापेक्षा मँगनीजच कितीतरी अधिक असते, त्यामुळे हा उपसर्ग मुख्य घटक सांगतोच असे नाही. महाराष्ट्रात चंद्रपूर येथे फेरोमँगनीजचे उत्पादन होते.

या उपसर्गाचा खरा पेच भौतिकीत आहे. बाह्य चुंबकीय क्षेत्र काढल्यावरही चुंबकत्व टिकवून धरण्याचा जो गुण प्रथम लोहात ठळकपणे दिसला, त्याला फेरोमॅग्नेटिझम, म्हणजे लोहचुंबकत्व, हे नाव मिळाले. पण कोबाल्ट, निकेल व गॅडोलिनियम या लोहरहित धातूंतही तोच गुण असल्याने त्यांनाही लोहचुंबकीय म्हणतात. लोहाचा हा गुण सुमारे ७७०° से. च्या वर नाहीसा होतो. पुढे जोसेफ व्हॅलासेक यांना १९२० मध्ये रोशेल लवणात असे आढळले की त्याचे विद्युत् ध्रुवीकरण, म्हणजे धन व ऋण भारांचे विरुद्ध बाजूंना सरकणे, बाह्य विद्युत् क्षेत्र काढल्यावरही उरते आणि विरुद्ध क्षेत्राने उलटवता येते. लोहचुंबकत्वाशी असलेल्या या साम्यामुळे अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक ही संज्ञा रूढ झाली. रोशेल लवण हे सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट आहे, आणि या वर्गातील बहुपरिचित बेरियम टायटॅनेटमध्येही लोह हा घटक नाही. येथे उपसर्ग पदार्थ सांगत नाही, वर्तन सांगतो, हे विद्यार्थ्याने आरंभीच ध्यानात घेतलेले बरे. फेरिमॅग्नेटिझम ही संज्ञा आणखी वेगळी: तीत शेजारच्या अणूंचे चुंबकीय आघूर्ण (प्रत्येक अणूच्या चुंबकत्वाचे परिमाण व दिशा) परस्परविरुद्ध पण असमान असतात, आणि येथील ‘फेरी’चा त्रिसंयुजी लोहाशी संबंध नाही, ती फेराइट या चुंबकीय ऑक्साइडांवरून आली आहे.

ग्रीक ‘सिडेरोस’पासून आलेला सिडेरो- हाही लोहवाचक उपसर्ग असून सिडेराइट हे लोहाचे कार्बोनेट खनिज त्याचे उदाहरण होय.