एप्रिलमधल्या बर्फाविषयीचा एक घातक समज

नागपुरात पारा चाळिशी ओलांडू लागला की मनाली-काश्मीरचे बेत आखले जातात आणि ‘एप्रिलमध्ये तिकडे बर्फाची भीती नसते’ हे वर्षानुवर्षांचे वाक्य हमखास ऐकू येते. ते खरे नाही. पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामानामुळे, वसंतातही हिमालयात जोरदार हिमवृष्टी होते. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथू ला खिंडीच्या मार्गावर हिमस्खलनात ७ पर्यटक दगावले. वादळानंतरचे लख्ख ऊनही फसवे असते, कारण वितळलेले पाणी बर्फाच्या नव्या थरात झिरपून त्याची पकड सैल करते आणि साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून ओला, जड बर्फ अचानक सुटतो. उतारावरून बर्फाचे लहान गोळे घरंगळताना दिसले, तर तिथे फोटोसाठीही थांबू नये. घाट सकाळी लवकर ओलांडावा. रस्ता बंद असल्यास चालकाला गळ घालू नये, मग परतीचे आरक्षण बुडाले तरी चालेल.