मूळव्याधीच्या ट्यूबमध्ये नेमकं असतं काय?

मेडिकलमध्ये आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना बघून हळूच "ते तिथलं मलम द्या" म्हणायचं, आणि दुकानदार देईल ती ट्यूब खिशात घालून घरी यायचं, हे बऱ्याच जणांनी केलेलं असतं. पण त्यात काय आहे हे कुणी वाचत नाही.

आधी हे सांगतो, मूळव्याधीच्या गाद्या सगळ्यांनाच असतात, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या, गुदद्वार नीट बंद राहायला मदत करतात. कुंथून कुंथून सुजल्या, खाली घसरल्या की त्रास सुरू. आत साधारण 2 सेंटीमीटरवर एक दातेरी रेषा असते, तिच्या वर दुखणं कळवणाऱ्या नसा जवळपास नाहीत, म्हणून आतल्या कोंबातून लालभडक रक्त पडतं पण दुखत नाही, आणि रेषेच्या खाली मात्र जरा धक्का लागला तरी जीव जातो.

आता ट्यूब. लिडोकेन असेल तर ते बाहेरची कातडी बधिर करतं, आतल्या रक्तावर त्याचा काही उपयोग नाही. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे स्टेरॉइड, खाज आणि सूज पटकन उतरते, म्हणूनच लोक महिनोन् महिने लावत बसतात आणि तिथली कातडी पातळ होते, तर स्वतःच्या मनानं 7 दिवसांच्या वर नको. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच. झिंक ऑक्साइड किंवा साधी पेट्रोलियम जेली कातडीवर थर धरते, चरचर कमी होते, स्वस्त आणि मला विचाराल तर सगळ्यात बिनधोक. यातलं कुठलंच मूळव्याध घालवत नाही हं, आराम देतं एवढंच.

ट्यूबच्या आधी टब. कोमट पाण्यात 10-15 मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा, आवळलेला स्नायू सैल पडतो. पाण्यात जंतुनाशक ओतायची गरज नाही, उलट आग होते. मग कापडानं न घासता टिपून घ्यायचं आणि मलम लावायचं. आणि कुणी बिब्बा लावायला सांगितला तर हात जोडा, त्यानं भाजल्यासारखे फोड येतात!

शी करताना काच कापल्यासारखं होत असेल तर ते बहुतेक फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर, त्याचं मलम वेगळं, डिल्टियाझेम वगैरे, ते डॉक्टर लिहून देतात आणि आठवडेच्या आठवडे लावावं लागतं. अचानक निळसर कडक गाठ येऊन बसवतही नसेल तर पहिल्या 2-3 दिवसांतच सर्जनकडे जा, तेव्हाच ती काढून टाकण्याचा खरा फायदा असतो, नंतर दुखणं हळूहळू आपोआप ओसरतं.

पोट साफ होत नसेल तर मलम काय करणार, रोज इसबगोल आणि भरपूर पाणी, आणि संडासात मोबाईल नेऊ नका राव. रक्त मात्र पडतच राहिलं, वजन उतरायला लागलं किंवा शौचाची नेहमीची सवय बदलली, तर ती मूळव्याधच आहे असं स्वतः ठरवू नका, आतून तपासून घ्या.