डोळ्यात खिडकी किती मोठी काढायची?

एक डोळा मन लावून रंगवायचा, त्याचा लेयर (चित्राचा सुटा, पारदर्शक थर) डुप्लिकेट करायचा आणि आडवा फ्लिप करून चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवायचा. डिजिटल पोर्ट्रेट शिकताना हा शॉर्टकट जवळपास सगळेच मारतात. आकार तंतोतंत जुळतात, तरी चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतो. कारण फ्लिप करताना चमकेचा ठिपका, म्हणजे डोळ्यात उमटलेलं खिडकीचं प्रतिबिंब, तोही उलटलेला असतो. एका डोळ्यात तो डावीकडे वर, दुसऱ्यात उजवीकडे वर. खऱ्या चेहऱ्यात दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण 63 मिलिमीटर. एवढ्याशा अंतराने खिडकीची दिशा बदलत नाही, त्यामुळे दोन्ही चमका एकाच बाजूला हव्यात. 2021 साली अमेरिकेतल्या बफलो विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकाने घडवलेले खोटे चेहरे पकडायला नेमकी हीच खूण वापरली: दोन डोळ्यांतली प्रतिबिंबं जुळतात का, ते पाहायचं.

बुबुळावरचा पारदर्शक घुमट म्हणजे पारपटल. त्यावर अश्रूंचा पातळ थर असतो, म्हणून तो छोट्या बहिर्गोल आरशासारखा वागतो. त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम 2 टक्के उजेड परत फिरतो. पण खिडकीतलं आकाश खोलीतल्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी पट उजळ असतं आणि मागे गडद तपकिरी बुबुळ असतं, म्हणून तेवढे 2 टक्केही पांढरेशुभ्र दिसतात.

आता मापं. सरावासाठी कॅनव्हासवर डोळ्याची फट, म्हणजे दोन पापण्यांमधली उघडी जागा, 900 पिक्सेल रुंद घ्या. प्रौढ माणसाची फट साधारण 30 मिलिमीटर असते, म्हणजे 1 मिलिमीटरला 30 पिक्सेल. पुढचा सगळा हिशेब सोपा होतो. फटीची उंची 10 मिलिमीटर, म्हणजे 300 पिक्सेल. बुबुळ मात्र 12 मिलिमीटरचं, 360 पिक्सेल. ते फटीत मावतच नाही. वरची पापणी त्याचा 45 पिक्सेल भाग झाकते, खालची 15. पूर्ण गोल बुबुळ दिसलं की माणूस दचकलेला वाटतो. बाहुली घरातल्या उजेडात 4 मिलिमीटर, म्हणजे 120 पिक्सेल. कडक उन्हात 60 पर्यंत लहान करा.

चमक कुठे आणि केवढी, हेही अंदाजाने ठरवायची गरज नाही. पारपटलाच्या गोलाईची त्रिज्या सुमारे 7.8 मिलिमीटर, म्हणून या आरशाचं नाभीय अंतर (दूरच्या वस्तूचं प्रतिबिंब आरशापासून जेवढ्या अंतरावर बनतं ते) तिच्या निम्मं, 3.9. दोन मीटरवरच्या एक मीटर रुंद खिडकीचं प्रतिबिंब त्यात 2 मिलिमीटरच्या आत-बाहेर येतं, म्हणजे आपल्या कॅनव्हासवर सुमारे 60 पिक्सेल. बुबुळाचा सहावा भाग! नवशिक्यांची चमक याच्या दुप्पट-तिप्पट असते, किंवा सुईच्या टोकाएवढी. जागेचा नियम असा: डोळा समोर पाहत असेल आणि उजेड 45 अंशांवरून येत असेल, तर चमक बुबुळाच्या मध्यापासून सुमारे 3 मिलिमीटर, म्हणजे 90 पिक्सेल सरकते. मध्य आणि कड यांच्या बरोबर मधोमध. नजर बाजूला वळली की बाहुली जेवढी सरकते त्याच्या निम्म्याच्या आसपासच चमक सरकते, म्हणून तिला बुबुळाच्या लेयरला बांधू नका, वेगळा लेयर ठेवा. आकार खिडकीचाच हवा, किंचित फुगीर कडांचा चौकोन. वरच्या कडेला पापणीच्या केसांच्या दोन-तीन काळ्या रेघा त्यात शिरल्या तर उत्तम.

पांढरा रंग फक्त त्या चमकेसाठी राखून ठेवा. ‘डोळ्याचा पांढरा भाग’ या शब्दांनीच घात केला आहे. तो भाग गोलावर ताणलेला आहे आणि वरून पापणीची सावली पडते. ब्राइटनेसची पट्टी 0 ते 100 धरली, तर मध्यम उजेडातल्या चेहऱ्यात उजेडाकडे 75, पापणीखाली 50, कोपऱ्यांत त्याहून कमी. छटा राखाडी, जराशी उबदार. सावळ्या त्वचेशेजारी साधा राखाडीसुद्धा डोळ्याला निळसर भासतो. मुद्दाम निळा घातला तर आजारी रंग येतो. पापणीची सावली मल्टिप्लाय मोडमधल्या (खालचा रंग गडद करणाऱ्या) लेयरवर, क्लिपिंग मास्क लावून (म्हणजे रंग डोळ्याच्या आकाराबाहेर जात नाही) द्या आणि ती बुबुळावरूनही जाऊ द्या. ती पांढऱ्यावरच थांबली की बुबुळ स्टिकरसारखं वर तरंगतं.

बुबुळाची कड रेघेने काढू नका. पारपटल आणि पांढरा भाग एकमेकांत मिसळायला मिलिमीटरभर तरी जागा घेतात, तेव्हा 30 पिक्सेलची मऊ कड ठेवा. आत उजेड कुठे द्यायचा? चमकेजवळ दिला जातो, तिथेच चुकतं. डावीकडून वरून आलेला उजेड घुमटातून वाकतो आणि बुबुळाच्या उजव्या खालच्या भागावर गोळा होतो. म्हणून तपकिरी डोळ्याची मधासारखी झाक चमकेच्या विरुद्ध बाजूला येते. ओव्हरले मोड (हलका रंग दिला की खालचा रंग उजळवणारा), ओपॅसिटी म्हणजे रंगाचा दाटपणा 30 टक्क्यांच्या आसपास, मऊ ब्रश, बस. बुबुळातल्या तंतूंच्या रेघा त्यानंतर, आणि थोड्याच.

खालच्या पापणीला जाडी असते, सुमारे 2 मिलिमीटर. ही पट्टी विसरली की डोळा कागदावर कापलेल्या भोकासारखा दिसतो. पट्टी आणि डोळा जिथे भेटतात तिथे पाण्याची तुटक, चकाकती रेघ द्या, 6 ते 9 पिक्सेल जाडीची. केस या पट्टीच्या बाहेरच्या कडेतून निघतात. वरचे आधी किंचित खाली झुकून मग वर वळतात, दोन-तीन मिळून चिकटतात. बुडाशी 3 पिक्सेल, टोकाला शून्य.

राहिली नजर. बाहुली आणि बुबुळ मिळून 30 पिक्सेल सरकवलं, तर डोळा सुमारे 6 अंश वळतो. मीटरभर समोर उभ्या माणसाच्या नाकावरची नजर त्याच्या कानापलीकडे जाते. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी सराईत हाताकडेच देतात, ती उगाच नव्हे. पण नजर एकट्या डोळ्यांनी ठरत नाही. विल्यम वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1824 साली दाखवलं, की तेच डोळे ठेवून खालचं नाक आणि चेहरा दुसरीकडे वळवला, तर नजरही वळलेली भासते. त्यामुळे नजर चुकली असं वाटलं, तर बाहुली हलवण्याआधी नाकाची दिशा तपासा. मग अख्खा कॅनव्हास आडवा फ्लिप करा, झूम 25 टक्क्यांवर आणा आणि दोन्ही चमका अजून एकाच बाजूला आहेत ना, ते पाहा.